रामटेके मॅडमचं बंदर

आमच्या सावली गावच्या आठवडी बाजारात रामटेके मॅडम पिशवी घेऊन शिरल्या की निम्मे दुकानदार मान खाली घालून पोत्यात काहीतरी शोधायला लागत. मॅडम घासाघीस करत नसत. त्या प्रश्न विचारत. वाळलेल्या झिंग्यांच्या ढिगापुढे उकिडव्या बसायच्या आणि भाव राहिला बाजूला, विचारायच्या, "भाऊ, हे झिंगे कुठून आले?"

"चंद्रपूरवरून आले, बाई."

"चंद्रपूरले समुद्र हाये का? तिथं कुठून आले?"

"मले का मालूम! तुमाले घ्याचे हायेत का नाई?"

"घेतो ना. पन गाडीतून उतरवले कोनं?"

हा शेवटचा प्रश्न ठरलेला. माल कुठून आला, कुठे जाणार आणि मधल्या मध्ये उचलला कोणी. मीठ असो, मोहफूल असो, नागभीडच्या गाडीने आलेला लोखंडी घमेल्यांचा गठ्ठा असो, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय त्यांची पिशवी भरत नसे. एकदा एका मिरचीवालीने वैतागून विचारलं, "बाई, तुमी इनकम टॅक्सवाल्या हा का?" मॅडम खूश झाल्या. आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या.

मॅडम आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि मी तिथला ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून सरकवणारा आणि उन्हाळ्यात वाळवीशी भांडणारा माणूस. आमच्याकडे प्राध्यापक मंडळी यायची ती वर्तमानपत्र वाचायला आणि पंख्याखाली बसायला. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे पुस्तकांची दोन पानी यादी ठेवली तेव्हा मला वाटलं, या चुकून दुसऱ्या कॉलेजात आल्या आहेत. यादीतलं एकही पुस्तक मराठी नव्हतं. निम्म्यांची नावं मला वाचताही येईनात.

"मॅडम, हे काय आहे?"

"मध्ययुगातलं एक बंदर हाये, भाऊ. भूमध्य समुद्रावरचं. लहानसंच हाये. त्याचं पोट कसं चालत होतं, ते मले पाह्याचं हाये."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आमच्यापासून समुद्र दोन्ही बाजूंनी लांबच. वैनगंगेत डोंगा चालतो, तेवढीच आमची जहाजं. त्या बंदराचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. कॉलेजात सगळे त्याला 'मॅडमचं गाव' म्हणत, आणि पुढे पुढे मॅडमही तसंच म्हणू लागल्या.

हे गाव त्यांना सापडलं कुठे, तर नागपूरला जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर. त्या बंदराच्या जकात-नोंदींचं इंग्रजी भाषांतर, पुठ्ठा निघालेलं, कोणत्या तरी वाचनालयाने रद्दीत काढलेलं. मॅडमनी सहज उघडलं तर पानभर मीठ, सुकी मासळी, कातडी, दोर, धान्य. "मले वाटलं, हा त आपलाच बाजार हाये," त्या सांगायच्या. "राजे नाई, लढाया नाई. निसते लोक माल उतरवून राह्यले." त्या पुस्तकावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि प्रबंध मराठीतच लिहायचा असं ठरवून टाकलं. लोक हसले. एका मोठ्या प्राध्यापकांनी चारचौघांत विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?" मॅडम म्हणाल्या, "समुद्र नाही पाहिला, सर. पण भूक पाहिली आहे. बंदरात तीच जास्त होती."

वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, पण रंगात आल्या की सावलीच्या बोलीवर यायच्या. मी खिडकीतून ऐकायचो. हिवाळा आला की त्या समुद्रावर वादळं सुरू व्हायची आणि मोठी जहाजं यायची थांबायची. मग महिनोन् महिने गाव रिकामं. हमाल जाळी विणायचे, खाणावळवाल्या बाया मासळीला मीठ लावून ठेवायच्या, डोंगराकडून खेचरांवर तेल आणि दारू यायची ती कोठारात पडून राहायची. मग वसंतात एक दिवस लांबवर शीड दिसायचं आणि अख्खं गाव धक्क्याकडे धावायचं. पाणी विकणारा, दोर वळणारा, माप करणारा, गाढववाला. "तेंदूपत्त्याचा हंगाम लागला का आपल्या गावात कसं होते? तसंच," मॅडम म्हणायच्या. "जहाज येते अन् जाते. गाव तिथंच रायते. इतिहासवाले जहाजासंगं निघून जातात, तुमी गावात थांबा." पोरं कधी नव्हे ती पेनं काढून लिहून घ्यायची.

त्यांच्या प्रबंधाची सगळी छपाई माझ्या ग्रंथालयातल्या यंत्रावर झाली. शाई संपली की प्राचार्य माझ्यावर ओरडायचे आणि मी मॅडमवर. त्या डब्यातून वांग्याची भाजी आणायच्या आणि मी गप्प बसायचो.

प्रबंधाचं चौथं प्रकरण धान्याचं होतं, आणि सगळं रामायण त्या प्रकरणाने घडवलं. गोष्ट साधी आहे. त्या गावात धान्य पिकत नसे, जहाजाने येई. धक्क्यावर उतरलं की नगराचा मापारी ते लाकडी मापाने मोजे आणि नोंद होई. मग तेच धान्य गावाला विकताना पुन्हा मोजलं जाई आणि पुन्हा नोंद होई. दोन्ही नोंदी मॅडमनी वर्षानुवर्षं जुळवल्या. दर वेळी उतरलेलं जास्त आणि वाटलेलं कमी. थोडंथोडकं नव्हे, चांगलं डोळ्यांवर येईल इतकं कमी. याचं स्पष्टीकरण जुन्या विद्वानांनी देऊन ठेवलं होतं. धक्क्यावर हमाल आणि झाडू मारणाऱ्या बाया धान्य चोरत. मॅडमनीही तेच लिहिलं. 'धक्क्यावरील चोरी आणि बंदराचे नुकसान' असं प्रकरणाचं नाव ठेवलं. त्यांचे मार्गदर्शक सर फार खूश झाले. सर तसे वाईट नव्हते. शिस्तीचे होते आणि संदर्भाशिवाय पाणीही पीत नसत. त्यांनी सांगितलं की हे प्रकरण प्रबंधाचा कणा आहे, आता सहा महिन्यांत सादर करा.

त्या प्रकरणाची छापील प्रत घेऊन मी एका रविवारी मॅडमच्या खऱ्या गावी गेलो. सावलीपासून चार-पाच किलोमीटर असेल. धानाची कापणी-मळणी झालेली, मॅडम भावाच्या खळ्यावर होत्या. दोन एकरांचा शेतकरी, पण कापणीची मजुरी अजून धानातच द्यायचा. सात-आठ बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एका बाजूला मॅडमची माय, भागरथाबाई, पाय पसरून बसलेली. तिची सगळी हयात दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, रोवणी आणि कापणी करण्यात गेली होती. मुलाचं स्वतःचं खळं ती राजवाड्यात बसावं तशी बसून बघत होती.

भाऊ आधी मजुरीसाठी ढिगातून धान वेगळं काढत होता. दोनेक किलोची लाकडी पायली बुडवायची, वरून तळहात फिरवून सपाट करायची, चादरीवर ओतायची. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. अशा दहा पायल्या काढल्या. मग तेच धान बायांना वाटायला बसला. वाटताना मात्र हात फिरवला नाही. पायलीवर धान चढवत गेला, शीग लागून दाणे चहूकडून ओघळेपर्यंत. आमच्याकडे मजुरी शिगेनेच देतात. सपाट पायली टोपलीत टाकणाऱ्याच्या शेतावर पुढल्या वर्षी बाई येत नाही.

आठ पायल्यांनंतर नववी अर्धीच भरली आणि चादर संपली. भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "दहा मोजले होते ना बाई? दीड पायली कमी भरून राह्यली. कोनं नेली?"

भागरथाबाई खोखो हसली. "कोन नेईल रे! शीग दिली तूनं. टोपल्यात पाह्य जाऊन."

"अन् हे खाली सांडलं ते?"

"ते झाडनारीचं. आपलं नाई ते. हात नोको लावू."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी हातातली छापील प्रत मागे घेतली. हे माप त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. उतरवताना सपाट आणि वाटताना शीग. मापावर चढलेला ढीग कोणाच्याच नोंदीत येत नाही, तो टोपलीतून घरी जातो. आणि जो ओघळतो, तो झाडणारीच्या पदरात जातो. त्या बंदरातलं हरवलेलं धान्य गावानेच खाल्लं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मॅडम मायजवळ बसल्या आणि त्या दूरच्या धक्क्यावर झाडू घेऊन बसणाऱ्या बायांची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. पुस्तकात त्यांना काय म्हटलंय तेही सांगितलं. भागरथाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बायाईले लेकरं असतीन ना?"

"असतीनच ना, माय."

"मंग झाडनच ना बाई. पडलेलं धान पायाखाली जाऊ देईन का?"

परतताना मॅडम माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या होत्या. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर मला थांबायला सांगितलं. "आमच्या भातात खडे असत, भाऊ," त्या म्हणाल्या. "माय दिवसभर कापणी करे, अन् सांजवेळी मालकाचं खळं झाडून दे. झाडलेलं धान धुवे, सुपात घोळे, तरी खडे राहत. त्या भातावर आमी दोघं बहीण-भाऊ वाढलो. अन् म्या तीन वर्षं काय लिवत होतो? चोरी. माह्या मायले चोर लिवत होतो मी."

मी वळून गाडीला किक मारली, त्याला कारण होतं. नागभीडकडे आमचं स्वतःचं मोठं खळं होतं. झाडायला आलेल्या बाईने जरा जास्त वेळ लावला की माझे वडील ओट्यावरून ओरडायचे, "जमीन खोदून नेतं का, चोट्टे!" मी लहानपणी त्यावर हसलो आहे. ते मॅडमना मी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालूम हाये. सगळ्याच खळ्यावर म्हनत."

त्यांनी प्रकरण नव्याने लिहिलं. 'चोरी' हा शब्द समूळ काढला आणि शीग आणि झाडणी यांवर गावाचं पोट कसं चालत होतं ते मांडलं. सरांकडे घेऊन गेल्या तेव्हा मी सोबत होतो, बाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं.

"मॅडम, हे तुमच्या खळ्यावरचं आहे. तिथलं नाही," सर म्हणाले.

"सर, माप दोन्हीकडे लाकडाचंच आहे. आकडे नेमके तेवढेच कमी पडतात."

"नोंदीत जे नाही ते इतिहासात नाही."

"नोंद करणाऱ्याच्या हातात झाडू नव्हता, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले की जुनं प्रकरण जसंच्या तसं ठेवा, मी आज सही करतो. नवं ठेवणार असाल तर माझी सही मिळणार नाही. नोंदणीची मुदत संपायला चार महिने उरले होते. मॅडमनी कागद गोळा केले, सरांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आल्या.

आता माझी अक्कल सांगतो. परतीच्या बसमध्ये मी त्यांना शहाणपण शिकवलं. "मॅडम, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. पदवी घ्या पदरात. मग पुस्तक काढताना हवं ते लिहा. सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायांना काय फरक पडतो?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. व्याहाडच्या फाट्यावर बस थांबली, शेंगदाणे विकणारे चढले, उतरले. मग त्या एवढंच म्हणाल्या, "मले पडते ना फरक, भाऊ." त्यानंतर पंधरा दिवस त्या ग्रंथालयात आल्या नाहीत. सोळाव्या दिवशी आल्या त्या नवी यादी घेऊन.

मुदत संपली. नोंदणी रद्द झाली. इतक्या वर्षांचं काम घरातल्या लोखंडी पेटीत गेलं. त्यांच्यामागून लागलेली मंडळी डॉक्टर होऊन वरच्या जागांवर गेली. प्राचार्य स्टाफरूममध्ये विचारायचे, "काय मॅडम, तुमचं जहाज लागलं का धक्क्याला?" मॅडम हसून म्हणायच्या, "वारा नाई, सर. थांबलो हाय." थांबल्या मात्र नव्हत्या. पन्नाशी ओलांडल्यावर दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवलं. परीक्षा पुन्हा, अभ्यासक्रम पुन्हा, पंचविशीतल्या पोरापोरींच्या शेजारी बसून. आणि सरांचा आक्षेप त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना पुरावा त्या बंदरगावातलाच हवा होता.

त्यासाठी त्या लॅटिन शिकल्या. हसू नका, मीही हसलो होतो. मोबाईलवर एक शब्दकोश, माझ्याकडून मागवलेलं एक व्याकरण आणि रोज सकाळी कॉलेज भरण्याआधीचा एक तास. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्या पुटपुटत बसायच्या. झाडूवाला शिपाई मला विचारायचा, "सर, बाई विहारातलं परित्राण पाठ करून राह्यल्या का?" त्या गावाचे जुने नियम कोण्या परदेशी ग्रंथालयाने संगणकावर टाकले होते. ते मी छापून द्यायचो आणि त्या ओळीओळीने सोडवायच्या. तीन वर्षं लागली. डोळ्यांना मोतीबिंदूची सुरुवात झाली तेव्हा मी अक्षरं मोठी करून छापू लागलो, कागद दुप्पट लागायला लागला, आणि प्राचार्यांशी मी पहिल्यांदा भांडलो.

एका सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. कागद समोर ठेवला आणि बोट ठेवून उभ्या राहिल्या. माप पुरं होऊन मापारी उठेपर्यंत कोणत्याही बाईने झाडू घेऊन धक्क्यावर येऊ नये, अशा अर्थाचा तो नियम होता. त्याच्याच खाली, जहाजातून घेताना माप फळीने सपाट करावं आणि गावकऱ्यांना देताना शीग चढवून भरून द्यावं, असा दुसरा.

"उठल्यावर या, असं झालं ना हे, भाऊ?" त्या म्हणाल्या. "चोराले कोनी वेळ ठरवून देते का?"

मी खुर्चीवरून उठलो आणि चहा सांगितला.

शेवटची तोंडी परीक्षा खुली होती, म्हणून मला बसता आलं. बसता आलं म्हणजे, आधी वीस किलो धानाचं पोतं दुसऱ्या मजल्यावर वाहून नेऊन मग बसता आलं. पायली आणि चादर मॅडमच्या हातात होत्या. बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे, गोड बोलणारे आणि फार वाचलेले. त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं आणि मग चौथ्या प्रकरणावर आले. नियम मान्य, म्हणाले. पण इतकी मोठी तूट नुसत्या शिगेने आणि सांडण्याने पडेल, हे पटत नाही. चोरीला काही वाव ठेवा. एक वाक्य घाला, म्हणजे दोन्ही बाजू येतील.

एका वाक्यावर पदवी समोर होती. मार्गदर्शक बाईंनी मॅडमकडे पाहिलं, मी माझ्या चपलांकडे.

"सर, तुम्ही मोजता का?" मॅडम म्हणाल्या. "मी मोजलं तर तुम्ही म्हणाल माझा हात तसा आहे."

त्यांनी चादर अंथरली. परीक्षकांनी जरा घुटमळून बाह्या सरसावल्या. मॅडमच्या सांगण्यावरून ते टेबलावरची फूटपट्टी घेऊन पायली सपाट करत गेले, दहा पायल्या, अगदी काटेकोर. मग मॅडमनी दोन विद्यार्थिनींना ओढणी पसरून समोर बसवलं. "आता हे या बायांना द्या, सर. दिवसभर राबल्यात. पुढल्या वर्षी परत बोलवायच्या आहेत."

परीक्षकांनी पायली भरली. एका पोरीने ओढणी तशीच धरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी आणखी एक ओंजळ घातली. दाणे ओघळले, फरशीवर गेले, खुर्च्यांखाली गेले. आठव्या पायलीला चादर जवळजवळ रिकामी दिसू लागली. नववी अर्धीही भरली नाही. त्यांनी चादर उचलून झटकली, पोत्यात डोकावून पाहिलं.

"कोनं चोरलं, सर?" मॅडम म्हणाल्या. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "तुमीच मोजलं, तुमीच दिलं. मी त हातबी लावला नाई."

ते काही बोलणार तेवढ्यात विभागातली सफाई करणारी बाई दारातून आत आली. फरशीवर धान बघून तिने कपाळाला हात लावला, झाडू आणला आणि कोणाला न विचारता झाडायला लागली. खुर्च्या सरकवल्या, परीक्षकांनाही पाय वर घ्यायला लावले. कचरा केराच्या डब्यात गेला, पण धान तिने वेगळं काढलं, एका वर्तमानपत्रावर. ते बोटांनी घोळून तिने मॅडमला विचारलं, "बाई, हे मी नेऊ का? घरी कोंबड्या हायेत."

मॅडमनी मान वळवली. त्या परीक्षकांकडे बघत राहिल्या. सगळेच बघत राहिले.

"न्या, न्या," परीक्षक म्हणाले, आणि मग खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी प्रबंधाची प्रत मिटली. "मला वाक्य घालायचं नाही. मला आणखी काही विचारायचंही नाही."

त्यानंतर मॅडम आणखी सात वर्षं जगल्या. पदवीने त्यांच्या पगारात म्हणण्यासारखं काही वाढलं नाही, निवृत्ती जवळ आली होती. प्रबंधाचं पुस्तक निघालं, थोड्या प्रती खपल्या, बाकीच्या माझ्या ग्रंथालयात आहेत. त्यांच्या आधी भागरथाबाई गेली, आणि गेल्या वर्षी मॅडम. आजारपणातही दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या पोरीला विचारत होत्या की ही बाटली कुठून येते आणि गाडीतून उतरवतं कोण. मला त्यांची आठवण येते तेव्हा मात्र दवाखाना येत नाही, त्या परीक्षेच्या दिवसाची संध्याकाळ येते.

आम्ही पोतं आणि पायली घेऊन गावी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बुद्धाच्या तसबिरीपुढे भावाने दिवा लावला होता. भागरथाबाई अंगणात बाजेवर. तिने पहिल्यांदा पायली हातात घेऊन काठ तपासला, कुठे टवका तर गेला नाही ना म्हणून. मग विचारलं, "झालं का तुह्यं?"

"झालं, माय. पास झाली."

"लय वर्षं लागले गे पोरी. हे पुस्तकवाले भाऊ सांगत होते मले, एका शब्दावरून अडून राह्यली म्हनून. लिवून देतं त का झालं असतं? आमाले सवयच हाये तो शब्द आयकाची."

मॅडम खाली, मायच्या पायाशी बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सरांच्या खोलीतून बाहेर येताना नाही, नोंदणी गेली तेव्हा नाही. त्या दिवशी त्या लहान पोरीसारख्या रडल्या.

"तो शब्द म्याच लिवला होता, माय," त्या म्हणाल्या. "कोनी जबरदस्ती नाई केली. तीन वर्षं माह्याच हातानं लिवत होतो. तुले जनमभर पाहून बी मले समजलं नाई."

भागरथाबाईने पायली बाजूला ठेवली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तूनं लिवला, तूनंच खोडला," ती म्हणाली. "झालं ना मंग. ऊठ, हात धू. हे भाऊबी उपाशी असतीन."